घर आणि यंत्र : जुन्या इंजिनास नवी पॅकिंगे

मागील अंकी मोटारीचे जुने इंजिन खोलण्याचा विषय घेतला होता. त्यावर आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी विचारला गेला आहे : "खोलले, धुतले, आता पॅकिंगांचा नवा संच मागवून इंजिन पुन्हा बांधले की काम झाले ना?" प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, आणि ती पुष्कळ चांगल्या इंजिनांच्या मुळावर आलेली आम्ही पाहिली आहे. ती समजूत अशी की, तेल आणि पाणी गळते ते पॅकिंग जुने झाल्यामुळे. सबब नवे पॅकिंग घातले म्हणजे गळती थांबलीच पाहिजे. वास्तविक पॅकिंगाचे काम फार मर्यादित आहे. नीट सपाट केलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये जी केसाएवढी उणीव राहून जाते तेवढी भरून काढावयाची, इतकेच त्याचे कर्तव्य. वाकलेले हेड ते सरळ करीत नाही, झिजलेले बेअरिंग ते भरून देत नाही, आणि वेडावाकडा आवळलेला नट त्याला सावरता येत नाही.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच इंजिन डोळ्यांपुढे ठेवू. फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए' ही मोटार २ डिसेंबर १९२७ रोजी अमेरिकेत लोकांपुढे आली, आणि पुढील चार-साडेचार वर्षांत तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे फोर्ड इंडिया ही कंपनी १९२६ सालीच स्थापन झाली होती. ती कॅनडातील फोर्ड कंपनीची उपकंपनी असल्यामुळे उजव्या बाजूस चक्र असलेल्या गाड्या इकडे कॅनडाहून येत. जुन्या वाड्यांच्या गाडीखान्यांत ताडपत्रीखाली झाकलेली अशी एखादी मोटार आजही अधूनमधून भेटते. इंजिन चार सिलिंडरांचे; सिलिंडराचा व्यास पावणेचार इंचांहून किंचित अधिक, म्हणजे ९८ मिलिमीटर, पिस्टनची धाव सव्वाचार इंच, एकूण आकारमान ३.३ लिटर, आणि एवढ्या देहाची शक्ती अवघी ४० घोड्यांची. व्हॉल्व्ह हेडात नसून सिलिंडरांच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. त्यामुळे हेड म्हणजे पाण्यासाठी पोकळी ठेवलेले एक बिडाचे झाकण, याहून अधिक काही नाही. घरच्या माणसांनी हात घालून शिकावे असे इंजिन याहून सोपे मिळणार नाही. शिवाय याचे बहुतेक सुटे भाग अमेरिकेत आजही नव्याने तयार होतात, आणि पॅकिंगांचा सबंध संच एकाच पाकिटात येतो.

पॅकिंगाची गोष्ट स्वयंपाकघरातून समजून घेणे सर्वांत सोपे. कुकरची शिट्टी होत नाही, कडेने वाफ जाते, तेव्हा गृहिणी प्रथम रिंग बदलते. रिंग बदलूनही वाफ गेली, तर ती झाकणाची कड बोटाने चाचपून पाहते. कोठे तरी ती आपटून चेपलेली सापडते. इंजिनाचेही तंतोतंत असेच आहे, केवळ आकडे मोठे. वर सांगितलेल्या एका सिलिंडराचे तोंड सुमारे ७६ चौरस सेंटिमीटरांचे भरते. पेट्रोल पेटते त्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरास नुसता दहा किलोचा दाब धरला, तरी हेड वर उचलावयास ७६० किलोंचा जोर लागला. क्रँक मिनिटास दोन हजार फेरे घेत असेल, तर हा तडाखा प्रत्येक सिलिंडरात मिनिटास हजार वेळा बसतो. त्या तडाख्यास तोंड देणारी वस्तू म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवलेली एक चकती. तिच्यावरील दाब सर्वत्र सारखा असेल तरच ती टिकते. एका कोपऱ्यात कमी आणि दुसऱ्यात अधिक झाला की आगीला वाट मिळाली. इंजिन बांधावयाचे म्हणजे ही समता साधावयाची, असे म्हणावयास हरकत नाही.

आता नवे पॅकिंग बसवण्याआधी जुने काढावयाचे, आणि येथे घरातील प्रत्येक माणसाने थांबून ऐकावे असा विषय येतो. त्या काळी हेडच्या पॅकिंगात तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस घालीत. धुराड्याकडील पॅकिंगे, काही ठिकाणच्या दोऱ्या, तसेच क्लच आणि ब्रेक यांची अस्तरे यांतही ते असावयाचे. आगीला दाद न देणारा हा खनिज तंतू अखंड असेपर्यंत निरुपद्रवी असतो. परंतु कोरडा खरवडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे हवेत तरंगू लागतात, फुप्फुसात शिरतात आणि तेथून निघत नाहीत. त्यांपासून होणारा फुप्फुसांचा आणि त्यांवरील आवरणाचा कर्करोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतो. कारखान्यात काम करणाऱ्यालाच तो होतो असेही नाही. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जे रुग्ण आढळले, त्यांत ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या घरची माणसेही होती; कामावरून आलेले धुळीचे कपडे धुणे, एवढाच कित्येकींचा त्या पदार्थाशी संबंध आला होता. एकत्र कुटुंबात एका पुतण्याचा छंद साऱ्या घराच्या हवेत मिसळतो, हे ध्यानी धरून आम्ही आग्रहाने लिहितो की, हे काम माजघराशेजारच्या पडवीत, मुले भोवती खेळत असताना कदापि करू नये.

जुने पॅकिंग उघड्या जागी, पाण्याने चिंब भिजवून काढावे. पाण्यात साबणाचे चार थेंब घातल्यास ते लवकर मुरते. तारेचा ब्रश, फिरते चाक आणि हवेचा झोत यांपैकी काहीही वापरू नये. नाकावर साधा रुमाल बांधणे ही केवळ मनाची समजूत आहे; सूक्ष्म धूळ अडवणारा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटाच हवा. निघालेले तुकडे ओले असतानाच प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधावे आणि त्यांचे काय करावयाचे ते राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारावे. ते भंगारवाल्यास देऊ नयेत, आणि बंबात तर मुळीच घालू नयेत. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत, हे वेगळे सांगावयास नको. नव्या संचातील पॅकिंगे ॲस्बेस्टॉसविरहित आहेत याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. माळ्यावर सापडलेला 'अस्सल जुना' कोरा संच कितीही मोहक दिसला, तरी तो भिंतीवर काचेच्या चौकटीत शोभेल, इंजिनात नव्हे.

पृष्ठभाग स्वच्छ करण्याच्या कामात उतावीळपणा फार होतो. फिरत्या खरखरीत चाकाने दोन मिनिटांत हेड लख्ख करणारे कारागीर आमच्या मते इंजिनाचे वैरी होत. त्या चाकाने बीड कोठे कमी, कोठे अधिक घासले जाते आणि सपाटी जाते. शिवाय चाकाची पूड सिलिंडरात व तेलाच्या वाटांत पडून पुढे बेअरिंगे खाते. बोथट पाते, रॉकेल आणि चिंधी यांनी दोन संध्याकाळी लागल्या तरी लागू द्याव्यात. मग सरळ पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकते काय ते पाहावे. चार-सहा हजारांश इंचांचे पाते सहज शिरू लागले, तर हेड यंत्रशाळेत नेऊन सपाट करून आणणे भाग आहे. तेथे दुप्पट जाडीचे पॅकिंग घालून वेळ मारून नेता येत नाही. बोल्टांची आंधळी भोके, म्हणजे जी आरपार जात नाहीत ती, तळापर्यंत कोरडी करावीत. तळाशी तेल वा पाणी राहिले तर बोल्ट त्यावर टेकतो, आवळल्याचा भास होतो, आणि अधिक जोर केल्यास बिडाला तडा जातो. ब्लॉकला गेलेला तडा सांधणे हे फार थोड्या कारागिरांना साधते.

इंजिन खालून वर बांधावयाचे असते. प्रथम क्रँकशाफ्ट. मॉडेल ए मध्ये त्यास तीन मुख्य बेअरिंगे आहेत, आणि ती आजच्यासारखी सुटी, बदलता येणारी नसून व्हाइट मेटल नावाची, कथलाचे प्रमाण अधिक असलेली मऊ मिश्रधातू वितळवून ब्लॉकमध्येच ओतलेली असतात. टोपी आणि ब्लॉक यांच्यामध्ये पितळेच्या अत्यंत पातळ पट्ट्या असतात. बेअरिंग झिजेल तशी एकेक पट्टी कमी करीत जावयाचे. क्रँक आणि बेअरिंग यांत मोकळीक हवी ती अवघी एक ते दीड हजारांश इंच, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ती मोजावयास प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा मऊ धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून टोपी आवळावी, पुन्हा काढावी आणि धागा किती रुंद चेपला ते सोबतच्या पट्टीशी ताडून पाहावे. एकेक टोपी आवळल्यावर दर वेळी क्रँक हाताने फिरवून पाहावी. जी टोपी आवळताच ती अडली, तिथेच दोष आहे. तिन्ही टोप्या एकदम आवळून मग 'जड का फिरते' याचा शोध घेत बसणे हा वेळेचा अपव्यय होय. ज्या टोपीची जी जागा आणि जी दिशा, तीच तिला मिळाली पाहिजे. यासाठीच मागील अंकी खोलताना खुणा करावयास सांगितले होते. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगेही याच जातीची असून त्यांचा नियम हाच.

आता ज्या भागाविषयी सर्वांत अधिक तक्रारी येतात तेथे येऊ. क्रँकच्या दोन्ही टोकांशी तेल बाहेर येऊ पाहते. पुढच्या टोकास फोर्ड कंपनीने दोरीचे सील दिले आहे. ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचा एक अर्धा भाग टायमिंगच्या झाकणाच्या खाचेत, दुसरा तेलाच्या चेंबरच्या खाचेत बसतो आणि दोहोंमिळून फिरत्या भागाभोवती कडे होते. ही दोरी रात्रभर इंजिनच्या तेलात भिजत ठेवावी. मग खाचेत घालून गुळगुळीत गोल दांड्याने, पोळी लाटावी तशी, मधून कडांकडे दाबत न्यावी. बोटाने चेपून भागत नाही; वर फुगलेली दोरी क्रँकला आवळून धरते आणि जळते. टोके कापताना ती कडेच्या किंचित वर, नखाच्या जाडीएवढी, राहू द्यावीत. म्हणजे दोन्ही अर्धे भाग एकमेकांस घट्ट भिडतात. कात्रीने तंतू पिंजतात, म्हणून नवे पाते घ्यावे.

मागच्या टोकास मात्र दोरी नाही, रबर नाही, काहीच नाही. तेथे क्रँकवरच एक उंच कडे घडवलेले असते. फिरताना ते तेल झुगारून देते, ते तेल बेअरिंगच्या खाचेत जमते आणि टोपीत बसवलेल्या लहानशा नळीतून खाली चेंबरमध्ये परत जाते. ही युक्ती फार सुंदर आहे. परंतु तिची एक अट आहे. बेअरिंगमधील मोकळीक वर सांगितली तेवढीच हवी आणि नळी मोकळी हवी. बेअरिंग झिजून मोकळीक पाच-सहा हजारांशांवर गेली, की येणारे तेल झुगारून देण्याच्या आवाक्याबाहेर जाते, आणि मग क्लचवर तेल येऊन गाडी चढावर घसरू लागते. अशा वेळी मालक काय करतात? पॅकिंगांचा तिसरा संच मागवतात! जेथे मुळात पॅकिंगच नाही, तेथे ते बदलून काय होणार? मागील बाजूची गळती ही बेअरिंगची तक्रार आहे, आणि तिचा उपाय पितळेच्या पट्ट्या कमी करणे किंवा बेअरिंग नव्याने ओतून घेणे, हाच. बेअरिंग ओतणारे कसबी लोक आता फार थोडे राहिले आहेत. तुमच्या गावी असा कोणी वृद्ध कारागीर असेल, तर इंजिन खोलण्याआधी त्याचा शब्द घेऊन ठेवावा.

तरीही चार थेंब पडणारच, हे इंजिन घडवणाऱ्यांस ठाऊक होते. फ्लायव्हीलच्या घराला तळाशी त्यांनी एक भोक ठेवले असून त्यात एक लोंबती पिन अडकवली आहे. गाडीच्या हादऱ्याने ती सतत हलते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. गळणारे तेल क्लचवर न जाता रस्त्यावर जावे यासाठी ही सोय. काही उत्साही मंडळी ते भोक बुजवून 'गळती बंद केली' म्हणून समाधान मानतात, तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही.

पिस्टनविषयी थोडक्यात. रिंगांची फट सिलिंडरात घालून मोजावी. व्यासाच्या दर इंचास सुमारे चार हजारांश हा जुना हिशेब अजूनही चालतो. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नयेत. व्हॉल्व्ह बसवताना मात्र थोडी करमणूक आहे. यांचे खालचे टोक भूछत्रासारखे रुंद असल्यामुळे ते अखंड मार्गदर्शक नळीतून जाणे शक्य नाही, म्हणून ती नळीच दोन फाकांची केलेली आहे. टॅपेटला कमीजास्त करण्याचा स्क्रूही मूळ रचनेत नाही. मोकळीक कमी भरली तर व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासून ती मिळवावयाची. घासताना एक हजारांश अधिक गेला तर तो परत येत नाही, एवढे ध्यानात ठेवून हे काम शांत डोक्याने करावे.

टायमिंगचे दोन दातेरी गिअर. क्रँकवरचा पोलादी आणि कॅमशाफ्टवरचा कापड-राळेच्या थरांचा, आवाज कमी व्हावा म्हणून. दोहोंवर खुणा असतात आणि त्या जुळवल्या की काम संपले. पुढे ठिणगी जुळवताना झाकणावरील एक स्क्रू काढून, उलटा करून त्याच भोकात दाबून धरावा आणि हँडलने इंजिन अगदी सावकाश फिरवावे. पहिला पिस्टन दाबाच्या धावेत माथ्यावर आला की स्क्रूचे टोक गिअरमधील खळग्यात पडते आणि हाताला कळते. हा स्क्रू पुन्हा सरळ करून बसवावयाचा असतो. ठिणगीचा क्रम एक, दोन, चार, तीन.

तेलाच्या चेंबरचे पॅकिंग बुचाचे. वर्ष-दोन वर्षे पाकिटात पडलेले बुचाचे पॅकिंग आकसते आणि भोके जुळेनाशी होतात. पुष्कळजण ते ताणून बसवू पाहतात व ते तुटते. त्याऐवजी ते कोमट पाण्यात घटकाभर बुडवून ठेवावे म्हणजे फुगून पूर्वीच्या मापावर येते. चेंबरचे बोल्ट आवळताना मनगटाचा जोर पुरे. दंडाचा लावू नये. बूच दाबाने पसरते, कडेला लोळासारखे बाहेर येते आणि बोल्टच्या आसपासचा पत्रा वाकतो. मग त्या पत्र्यास हातोडीने सरळ केल्यावाचून कोणतेही पॅकिंग धरत नाही. पूर्वीच्या मालकाने कितीदा जोर केला आहे, याचा इतिहास चेंबरच्या कडेवर स्पष्ट वाचता येतो.

हेडचे काम शेवटी. पॅकिंग प्रथम ब्लॉकवर नुसते ठेवून पाण्याची व सिलिंडरांची भोके कोठे झाकली जात नाहीत ना, ते पाहावे. एकंदर चौदा नट आहेत. ते मधून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूंकडे आवळीत जावे, आणि एका दमात नव्हे, तर तीन फेऱ्यांत. पहिली फेरी पंचवीस फूट-पौंडांची, दुसरी चाळिसाची, तिसरी पंचावन्नाची. पंचावन्न फूट-पौंड म्हणजे सुमारे ७५ न्यूटन-मीटर. याकरिता टॉर्क पाना हवाच. 'हाताला कळते' असे म्हणणाऱ्या अनुभवी कारागिरांचा आम्ही आदर करतो. पण हात सकाळी एक सांगतो आणि थकल्यावर संध्याकाळी दुसरे. आटे स्वच्छ नसतील तर जोर आट्यांच्या घर्षणातच खर्च होतो आणि पाना खोटा आकडा दाखवतो, म्हणून आटे साफ करून त्यांस तेलाचे बोट लावावे. इंजिन पहिल्यांदा चांगले तापल्यावर पुन्हा त्याच क्रमाने पाना फिरवावा आणि शे-दीडशे किलोमीटर गाडी चालल्यावर आणखी एकदा. पॅकिंग दबून बसते तसे नट सैल पडतात. ही तिसरी खेप चुकवल्यामुळे हेडचे नवे पॅकिंग जळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

पॅकिंगास काही लावावे की नाही? जुने मिस्त्री चपडा लाख स्पिरिटात विरघळवून लावीत. लाखेच्या बांगड्यांची तीच लाख. तिने पॅकिंग जागेवर चिकटून राही आणि पुढे निघतेही सहज. परंतु आज एक नवी अडचण आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि पुढील दोनच वर्षांत ते देशभर पसरले. लाख मद्यार्कात विरघळते, ही गोष्ट घरच्या कपाटास पॉलिश करणारा सुतारही सांगेल. तेव्हा पेट्रोलचा जेथे स्पर्श होतो, उदाहरणार्थ टाकीखालच्या गाळाच्या वाटीपाशी, तेथे लाख वापरू नये, आणि जुन्या बुचाच्या चकतीऐवजी इथेनॉलला दाद न देणाऱ्या व्हायटॉन जातीच्या रबराची चकती घालावी. या मोटारीची टाकी चालकाच्या गुडघ्यांसमोरच असून पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. तेथील गळती म्हणजे केवळ घाण नव्हे, आगीचे भय होय. तेलाच्या बाजूस आधुनिक सिलिकोन चालते, पण धाग्याएवढी बारीक रेघ ओढावी. टूथपेस्टप्रमाणे पिळलेले सिलिकोन जेवढे बाहेर दिसते तेवढेच आतही गेलेले असते, आणि त्याचा सुटलेला तुकडा तेलाच्या वाटेत अडकला तर बेअरिंग वितळावयास फार वेळ लागत नाही.

पाण्याच्या पंपाच्या दांड्याभोवतीही दोरीचे पॅकिंग असते व त्यावर एक नट. तो नट पाणी साफ बंद होईपर्यंत आवळण्याचा मोह होतो. तसे केल्यास दोरी कोरडी पडते आणि दांडा खाचला जातो. मधूनच एखादा थेंब पडू द्यावा.

काही वाचकांनी विचारले आहे की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखादे नवे डिझेल इंजिन बसवून गाडी रोज वापरता येणार नाही काय? पूर्वी आपल्याकडे असे पुष्कळांनी केले. परंतु २०२१ साली केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांनुसार अशा वाहनास 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नवी पॅकिंगे, सीले, रिंगा यांची गणना फेरफारात होण्याचे कारण नाही. दुसरे इंजिन मात्र फेरफारच. शिवाय असे वाहन प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणावयाचे, रोजच्या येण्याजाण्यास नव्हे. म्हणून ब्लॉकच्या डाव्या बाजूस, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर, ठोकलेला क्रमांक घासण्याच्या भरात पुसट होऊ देऊ नये. कागदपत्रांशी तोच ताडून पाहिला जातो.

सर्व बांधून झाले, तरी लगेच स्टार्टर दाबू नये. या इंजिनात तेलाचा पंप तेल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो, आणि तेथून ते मुख्य बेअरिंगांकडे आपल्या वजनाने उतरते. कोरड्या इंजिनात ते पोहोचण्यापूर्वीचा अर्धा मिनिट व्हाइट मेटलला भारी पडतो. म्हणून व्हॉल्व्हच्या कप्प्याचे झाकण लावण्यापूर्वी त्यात पाव लिटर तेल ओतावे, चेंबरमध्ये ठरलेल्या मापाने भरावे, प्लग काढून ठेवून हँडलने वीस-पंचवीस फेरे द्यावेत आणि मगच प्लग लावावेत. पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी दोन्ही बाजूंनी विजेरी घेऊन पाहत राहावे, तिसऱ्याने बटणाशी बसावे, आणि जवळ आग विझवण्याचे नळकांडे असावे. गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवावा. सकाळी त्यावरील डाग कोठे पडले ते पाहून, पाण्याचा कोणता आणि तेलाचा कोणता, पुढचा की मागचा, याची टिपण वहीत करावी. आठवडाभर टिपणे झाल्यावरच कोठे पाना लावावयाचा ते ठरवावे.

पुढील अंकी याच मोटारीच्या झेनिथ कार्ब्युरेटरकडे वळू.